रोमनचे वीस सेकंद

सेंट ओडिलो, मिनेसोटा
सोमवार, ८ मे

प्रिय आल्विनाताई,

तुझ्या ट्यूलिपना या वर्षी तुझ्याशिवायच फुलावं लागलं. पिवळे जास्त आलेत. मी पाणी घातलेलं नाही. तू सांगितलेलं नसताना तुझ्या अंगणात पाऊल टाकायची माझी हिंमत नाही. रस्त्यावरून बघते आणि पुढे जाते.

तू उन्हाळाही टूसॉनलाच काढणार असं तुझ्या मार्लिसनं फोनवर सांगितलं. एवल्ड भावोजी गेल्यापासून तू थंडीत लेकीकडे जातेस, ते मी समजू शकते. पण उन्हाळ्यात अ‍ॅरिझोना? तिथे जूनमध्ये गाडीच्या बॉनेटवर अंडं तळता येतं म्हणतात. बहिणीवरच्या रागापायी माणसानं इतकं भाजून घेऊ नये.

बेसबॉल लीगच्या नोव्हेंबरच्या सभेत मी हात वर केला, हे खरं आहे. बाकी गावांची मतं निम्मी-निम्मी झाली होती आणि उरलं होतं फक्त सेंट ओडिलोचं मत, म्हणजे माझं. मोठ्या शहरांतल्या संघांनी चेंडू टाकणाऱ्या पिचरवर घड्याळ लावलं, सामने आटोपशीर झाले, तर आपल्या गावांच्या लीगनं का लावू नये, असा तो वाद. मी हो म्हटलं. तू मागच्या दारानं निघून गेलीस. बटाट्याच्या सॅलडचा वाडगा टेबलावर तसाच राहिला. तो माझ्याकडे आहे. धुतलेला आहे.

जाताना तू म्हणालीस, "माझ्या पोराला मैदानाबाहेर काढायला त्याची सख्खी मावशीच निघाली." मी तेव्हा काही बोलले नाही. आजही बोलत नाही. माझी कारणं होती, आणि ती सगळीच माझी नव्हती. एवढं लिहून पुढे जाते.

काल पहिला सामना झाला. शाळेच्या बास्केटबॉल हॉलमधून काढून टाकलेलं घड्याळ क्लबनं आणलंय आणि मी माइकवर बसते त्या माझ्या माचाणाच्या कपाळावर ठोकलंय. लाल आकडे, पार पार्किंगमधूनही दिसतात. त्याचं बटण माझ्या हातात. म्हणजे आता मी माइकवरून नावं पुकारायची, धावा सांगायच्या, हरवलेल्या किल्ल्यांची घोषणा करायची, आणि वर घड्याळही पळवायचं. चेंडू परत पिचरच्या हातात आला की वीस सेकंद.

वीस सेकंदांत आपला रोमन काय काय करतो, तुला माहीत आहे. टोपी काढतो. घाम नसला तरी कपाळ पुसतो. झेंड्याकडे बघून वारा कुठला ते ठरवतो. माती उचलतो, माती टाकतो. चेंडू कानाशी नेऊन हलवतो, आतून काही आवाज येतोय का ते बघायला. मग कॅचरच्या खुणेला नाही म्हणतो. लोक म्हणतात, रोमननं चेंडू हातात घेतला की सॉसेज आणायला जावं, खाऊन हात धुऊन परत यावं आणि शेजाऱ्याला विचारावं, "टाकला का?"

काल तो टोपी काढून कपाळ पुसेपर्यंतच शून्य आलं. मी बटण दाबलं, भोंगा वाजला, अंपायर डेल्बर्टनं दंड दिला. पुन्हा तेच. आणि पुन्हा. तिसऱ्या इनिंगमध्ये रोमन स्वतःच बाहेर आला. सॉसेजच्या टपरीजवळ भेटला.

"मावशी, बोट फार भरभर चालतं गं तुझं."

"तुझा हात चालत नाही त्याला मी काय करू?"

"आईला कळवू नकोस."

"तुझी आई माझ्याशी बोलतेय कुठे, की मी कळवीन?"

तर हे कळवत नाहीये. फक्त लिहितेय.

तुझी,
लिओना


सोमवार, २९ मे

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. निवडुंग सुंदर आहे. मागचा मजकूरही त्याच जातीचा आहे. "वाडगा रोमनकडे दे. आ."

वाडगा देणार नाही. हवा असेल तर येऊन घेऊन जा.

आता बातम्या. नवे पाद्री आलेत, फादर शाजी. भारतातून, केरळ नावाच्या भागातून. काल ते पहिल्यांदा सामन्याला आले आणि वर माझ्या माचाणात येऊन बसले, कारण तिथे सावली असते. मी त्यांना समजावलं, की पिचरनं वेळेत चेंडू टाकला नाही तर एक चुकीचा चेंडू त्याच्या नावावर चढतो, आणि असे चार झाले की बॅटर बॅट न हलवता पहिल्या बेसवर चालत जातो.

"म्हणजे न टाकलेल्या चेंडूची शिक्षा," ते म्हणाले.

"हो. सामने फार लांबतात म्हणून."

"किती लांबतात?"

"पूर्वी साडेतीन तास. कधी चारसुद्धा."

फादर इतके हसले की त्यांची कॉफी सांडली. त्यांच्याकडे म्हणे एकच सामना पाच दिवस चालतो. मधे जेवणाची सुट्टी, मधे चहाची सुट्टी. आणि पाचव्या दिवशी पुष्कळदा कुणीच जिंकत नाही.

"मग लोक चिडत नाहीत?"

"चिडतील कशाला? पाच दिवस बघायला मिळालं ना."

तुझं त्यांच्याशी छान जमेल.

घड्याळामुळे सामना चारच्या आधीच संपला, आणि मग खरी पंचाईत झाली. सॉसेज अर्धकच्ची. चर्चच्या बायका शेवटून दुसऱ्या, आठव्या इनिंगचा अंदाज धरून निखारे पेटवतात, तुला ठाऊक आहे, आणि आठवी इनिंग त्यांना न सांगताच येऊन गेली. चिमटे हातात घेऊन त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, की मी खाली उतरायला मुद्दाम वेळ लावला. लोकही गोंधळले. उठले, गाड्यांपर्यंत गेले, आणि तिथेच दारांना टेकून उभे राहिले. सहा वाजेपर्यंत सगळं गाव पार्किंगमध्ये होतं. पूर्वीही सहापर्यंतच असायचं. तेव्हा समोर बघायला खेळ असायचा, एवढाच फरक.

एकटा रोमन मात्र थांबला नाही. पाचच्या आत घरी पोचला. तुझ्या सुनेनं, ट्रूडीनं, गोठ्याच्या दारातूनच विचारलं, "हरलात का?"

"हरलो."

"बरं झालं. बूट बदल, ये लवकर."

हे मला ट्रूडीनंच सांगितलं. हसत होती. फार दिवसांनी हसताना पाहिली तिला.

पण रोमनचं लक्षण बरं नाही. काल दंड कमी लागले, पण घाईत चेंडू कुठेही जात होते. एक तर माझ्या माचाणाच्या खिडकीखाली येऊन आदळला. मी माइकवरून म्हटलं, "पिचरच्या मावशीला दुखापत झालेली नाही," आणि लोक हसले. तो हसला नाही. म्हणाला, अजून दोन सामने बघतो, नाही जमलं तर बूट खुंटीला. आणि तुला माहीतच आहे, आपल्याकडे या वर्षी मोजून नऊ जण आहेत. आठ जणांचा संघ लीग ठेवून घेत नाही. रोमन बसला की सेंट ओडिलोचा संघच बसला.

तू असतीस तर त्याला दोन शब्द बोलली असतीस. माझं तो ऐकत नाही. माझ्या हातात बटण आहे ना.

लिओना


सोमवार, १९ जून

ताई, ताई, ताई,

कार्डावर लिहायची इच्छा नसेल तर नको लिहूस, पण हे पत्र बसून वाच. उभी राहून वाचू नकोस. मार्लिसलाही बोलव.

गुरुवारच्या वादळात आपल्या घड्याळाला विजेचा झटका बसला. आता ते फक्त अठ्ठ्याऐंशी दाखवतं. नियम असा, की घड्याळ नसेल तर यजमान संघानं दुसरी सोय करावी. कोणती सोय ते लिहिलेलं नाही. तिथेच आमचं फावलं, असं आम्हाला वाटलं.

रविवारी दुपारी रोमन एक जड खोकं घेऊन धापा टाकत माचाण चढून आला. आतून निघालं त्याच्या गोठ्यातलं दूध काढायचं जुनं यंत्र. छोटा पंप, आणि त्याच्यावर ठोके देणारा तो डबा. दर सेकंदाला एक ठोका. ठक्-फुस्स. ठक्-फुस्स.

"विसावा ठोका पडला की तू घंटी वाजव," तो म्हणाला. "माइकजवळ ठेव, म्हणजे मला तिथपर्यंत ऐकू येईल."

"आणि यानं काय होणार?"

तेव्हा कळलं. गेले तीन आठवडे हा गोठ्याच्या मागच्या भिंतीवर चेंडू टाकतोय, आत यंत्र चालू असताना. "गोठ्यात मी कधी रेंगाळतो का, मावशी? एक गाय झाली की दुसरी. हात आपोआप चालतो. तो आवाज कानावर पडला की मला झेंडा-बिंडा आठवतच नाही."

डेल्बर्ट शिडीवर अर्धा चढून आला. "हे काय आहे?"

"घड्याळ."

"याला आकडे नाहीत."

"तुला तसेही कुठे दिसतात?" रोमन म्हणाला. अंपायरला असं बोलायची त्याची ही पहिली वेळ नाही, म्हणून डेल्बर्टनं मनावर घेतलं नाही. यंत्राला कान लावून त्यानं मनगटावरच्या घड्याळाशी ठोके जुळवून पाहिले आणि चालेल म्हणाला.

सामना रोझेनडाल गावाशी होता. मी यंत्र सुरू केलं आणि मैदानाच्या चारही कर्ण्यांतून घुमायला लागलं, ठक्-फुस्स, ठक्-फुस्स. रोझेनडालच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "बाई, तुमच्या घड्याळाला दमा झालाय!" पण रोमन! टोपी डोक्यावरच. चेंडू हातात आला की बारा-तेरा ठोक्यांत तो सुटलेला. पहिल्या इनिंगमध्ये तीन बाद. दुसरीत तीन बाद. लोक सॉसेज आणायला गेले आणि परत आले तर इनिंगच संपलेली. फादर शाजी टाळ्या वाजवत होते. मी तर रडायच्या बेतात होते.

आता तू ओळखलं असशील. आम्ही ओळखलं नाही. त्या मैदानावर निम्मी माणसं जन्मभर गोठ्यात राबलेली, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही, की डाव्या बाजूच्या कुंपणापलीकडे रोमनच्याच गायी चरतायत.

रविवारची दुपार, अडीच वाजलेले, आणि त्या बिचाऱ्यांना दूध काढायचं यंत्र ऐकू येतंय, तेही चार कर्ण्यांतून. त्यांना वाटलं, आज उशीर झाला आपल्याला. सगळ्या धावत कुंपणाशी आल्या. तिसऱ्या इनिंगमध्ये रोझेनडालच्या बॅटरनं डावीकडे उंच टोला मारला, आपल्याकडचा शुल्टेंचा धाकटा पोरगा हात वर करून मागे मागे जातोय, आणि त्याच्या पाठीमागे कुंपण आडवं झालं. त्यानं वळून पाहिलं आणि झेल घ्यायचं सोडून सरळ आमच्या दिशेनं पळत सुटला. चेंडू पडला गायींच्या मधोमध, आणि घरंगळत एकीच्या पोटाखाली जाऊन थांबला.

रोझेनडालचा प्रशिक्षक नाचत आला. "होमरन! चेंडू परत आलेला नाही, होमरन!"

डेल्बर्टनं खिशातलं नियमांचं पुस्तक काढलं, पुढून मागे चाळलं, मागून पुढे चाळलं. मग पुस्तक मिटून म्हणाला, "गाय कुंपणात धरायची. कुंपणात अडकलेला चेंडू, दोन बेस."

"कुंपण चालत येतं का कधी?"

"आज आलं."

आणि हे सगळं चालू असताना गायी येतच होत्या. दुसऱ्या बेसवर दोघी उभ्या. एक पिचरच्या उंचवट्यावर चढून रोमनकडे अशी बघत होती, की आता हात लाव की. शेवटी फादर शाजींनी माझ्या खांद्याला हात लावला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, आधी तो आवाज बंद करा." मी तोंड उघडं टाकून बसले होते, आणि यंत्र माझ्या शेजारी खुशाल चालू होतं.

ट्रूडी बादलीत दाणा खुळखुळवत आली. दोन्ही संघांची पोरं हातात बॅटी घेऊन गायी वळवायला लागली, मग ट्रूडीनं ओरडून बॅटी टाकायला लावल्या. कुंपण दोरीनं बांधलं. दोन तासांनी खेळ पुन्हा सुरू झाला. वेळ वाचवायचं यंत्र लावून आम्ही या मोसमातला सगळ्यात लांब सामना खेळलो, ताई. साडेसहा वाजले. सॉसेज मात्र पहिल्यांदाच बरोबर भाजलेली होती.

यंत्र बंद ठेवायचं ठरल्यावर डेल्बर्टनं मनगटावरच्या घड्याळावर वेळ धरली. रोमनचे ओठ हलत होते. ठक्-फुस्स, ठक्-फुस्स, मनातल्या मनात. शेवटपर्यंत एकही दंड नाही. आपण जिंकलो, चार विरुद्ध दोन. आणि नंतर, दूध काढायला उशीर झाला म्हणून, दोन्ही संघ तसेच मळके कपडे घालून रोमनच्या गोठ्यात गेले. रोझेनडालची पोरंसुद्धा. ट्रूडीला त्यांनी खुर्चीवर बसवलं आणि उठू दिलं नाही.

घड्याळ दुरुस्तीला दिलंय.

लिओना


सोमवार, १० जुलै

प्रिय ताई,

एकाच आठवड्यात दोन कार्डं! पोस्टातल्या मुलीनं मला थांबवून विचारलं, सगळं ठीक आहे ना म्हणून.

पहिल्याचं उत्तर: हो, उंचवट्यावर चढली ती बर्निसच. तू बरोबर ओळखलंस. लहानपणापासून तिला सगळ्यांच्या पुढे यायची हौस.

दुसऱ्याचं उत्तर द्यायला मला वेळ लागला. तू लिहिलंस, "रोमन फोनवर सगळं छान आहे म्हणतो. खोटं बोलतो. एवढा छळ होतो तर खेळतो कशाला? तू सांग." हे सांगणं माझ्या हातात नव्हतं, म्हणून काल सामना संपल्यावर त्यालाच कार्ड दाखवलं. त्यानं वाचलं, टोपी काढली, कपाळ पुसलं, झेंड्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाळा, इथे घड्याळ नाहीये, सावकाश."

मग म्हणाला, "सांग तिला. मला बोलता येणार नाही, तूच सांग."

तर ऐक. घड्याळ रोमनला हवं होतं.

गेल्या ऑक्टोबरात तो माझ्याकडे आला होता. ट्रूडीला डॉक्टरांनी कंबर जपायला सांगितलेलं. दर रविवारी सामना लांबायचा, पाच वाजायचे, आणि ती एकटी सगळा गोठा उरकायची. मैदानावरचा माझा माइक तिला गोठ्यात ऐकू यायचा. कितवी इनिंग चाललीय ते माझ्याच तोंडून तिला कळायचं, आणि अजून दोन आहेत म्हटलं की ती खाली बसायची. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. रोमननं एका रविवारी दारातून पाहिलं. तो मला म्हणाला, "मावशी, एक तर सामने लवकर संपू देत, नाहीतर मी खेळणं सोडतो. आणि सगळ्यांत जास्त वेळ मीच खातो, ते मला कळतं. कुणी मागे लागल्याशिवाय माझ्यानं होणार नाही. तू मागे लाग."

मी म्हटलं, आईला सांग. तर म्हणाला, "ती ट्रूडीला बोल लावेल. म्हणेल, एवल्डच्या वेळी मी तेवढ्याच गायी एकटीनं सांभाळल्या." ताई, तू म्हणाली असतीस. मी पण तुला ओळखते.

म्हणून हात वर केला. आठ महिने तू माझ्याशी बोलली नाहीस ते मी सहन केलं, कारण तो खेळत राहिला. फार उदार वगैरे समजू नकोस मला. चिडलेही होते. वाडगा त्यासाठीच ठेवून घेतला.

आणखी एक गोष्ट, जी मी सभेत कुणालाही सांगितली नाही. मला ते घड्याळ आवडत नाही. जराही नाही. रविवारची दुपार जितकी लांब तितकी मला बरी. माचाणात बसून काही न घडताना बघत राहायचं, खालून कुणीतरी विचारायचं, "लिओना, पाऊस येईल का?" आणि मी माइकवरून सांगायचं, "नाही येणार." आता विचारायला कुणाला सवड नाही. मान वळवली की एक बाद झालेला असतो.

पण ट्रूडी आता चौथ्या-पाचव्या इनिंगनंतर येऊन बसते. काल तुझ्या नेहमीच्या जागेवर बसली होती, उशी घेऊन. बाळ सप्टेंबरमध्ये येणार हे तुला फोनवर कळलंच आहे. ट्रूडी म्हणाली, लग्नाला नऊ वर्षं झाली, नवऱ्याला खेळताना पहिल्यांदाच बघतेय.

"कसा खेळतो?" मी विचारलं.

"मला वाटलं होतं त्यापेक्षा बरा. तुम्ही माइकवरून सांगता त्यापेक्षाही बरा."

चौदा ऑगस्टला लीगची सभा आहे. रोझेनडालनं नवा प्रस्ताव आणलाय, वीस सेकंदांची पंधरा करा म्हणून. झटपट सामन्यांची त्यांना गोडी लागलीय. पुन्हा माझा हात लागणार. या वेळी मला एकटीनं ठरवायचं नाहीये.

लिओना


रोमनच्या स्वयंपाकघरातून
सोमवार, १४ ऑगस्ट

ताई,

तू वरच्या खोलीत झोपली आहेस. मला दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय, वेळ आधीच ठरली होती, म्हणून हे टेबलावर ठेवून जाते. तोंडानं सांगता आलं असतं. पण हल्ली मला तुझ्याशी लिहूनच बोलायची सवय लागलीय, आणि तोंडानं आपण कालपासून फक्त भांडतोय.

तू काल खालून बघितलंस. वरून काय झालं ते तुला माहीत नाही.

आठवी इनिंग संपत आली असताना मी तुला पाहिलं. तिसरी ओळ, तोच निळा स्कार्फ, मांडीवर पर्स. कुणालाही न कळवता विमानानं येऊन, तिकीट काढून, परक्या बाईसारखी बसलेली. माझ्याकडे एकदाही मान वर केली नाहीस. फादर शाजी म्हणाले, "कोण त्या?" मी म्हटलं, "माझी बहीण." तर म्हणाले, "वाटलंच. तुम्ही दोघी एकसारख्याच रुसता." त्यांना माझं रुसणं कधी दिसलं कुणास ठाऊक.

नववी इनिंग. आपण रोझेनडालच्या एका धावेनं पुढे. तिन्ही बेस भरलेले, दोन बाद, आणि रोमनच्या नावावर तीन चुकीचे चेंडू. आणखी एक चुकला की त्यांचा गडी चालत घरच्या बेसवर येणार आणि धावा बरोबरीत. रोमननं चेंडू घेतला, वळला, आणि तेव्हा तू त्याला दिसलीस. तो थांबला. ओठ हलायचे थांबले. टोपीला हात गेला.

मी घड्याळ बघत होते. दहा. सात. ताई, माझा अंगठा बटणावर होता आणि मला दाबायचं नव्हतं. कुणाला कळलं असतं? शाळेचं जुनं घड्याळ, एकदा विजेनं भाजलेलं, अडकलं म्हटलं असतं. चार. तीन. तू आई आहेस, तो तुझ्याकडे बघतोय, त्याला अजून पाच सेकंद दिले तर कुणाचं काय बिघडतं?

मग आठवलं, की मागे लाग असं मला त्यानंच सांगितलंय.

दाबलं. भोंगा वाजला. डेल्बर्टनं हात वर केला, गडी चालत आला, बरोबरी. आणि तेवढ्यात तू उभी राहिलीस.

"लिओने! घड्याळ पुढे पळतंय तुझं!"

नऊ महिन्यांनी तुझ्या तोंडून माझं नाव ऐकलं. आणि माझा माइक चालू होता.

"ताई, घड्याळ शाळेचं आहे. तक्रार शाळेत कर."

"शाळेतसुद्धा तू माझ्या आधीच डबा संपवायचीस! तुझी घाई मला माहीत आहे!"

"आणि तुझ्यामुळे आपली बस रोज चुकायची!"

लोक बाकांवर पालथे पडून हसत होते. रोझेनडालची पोरं हसत होती. डेल्बर्टनं मुखवटा काढला आणि ओरडला, "बायांनो, घरी जाऊन भांडा! इथे सामना राहिलाय!"

मी त्या वेळी रोमनकडे पाहिलं. तो हातमोज्यात तोंड लपवून हसत होता, खांदे हलत होते. मग त्यानं मान वर केली, चेंडू घेतला आणि टाकला. पुन्हा घेतला, टाकला. तिसऱ्यावर बॅटरची बॅट हवेतच फिरली आणि तो बाद झाला. घड्याळावर तेव्हा अजून अकरा सेकंद होते, मी बघितलं. पुढचं तू पाहिलंसच. आपल्या पाळीत शुल्टेंच्या धाकट्यानं मारला, आपण जिंकलो, आणि तू ट्रूडीला मिठी मारायला गेलीस, माझ्याकडे नाही. चालेल. ती जवळ होती.

आज संध्याकाळी सातला सभा आहे, चर्चच्या तळघरात. पंधरा, वीस, की घड्याळच नको. रोमनला सकाळी विचारलं, तर म्हणाला, "पंधरासुद्धा जमतील मला आता." ट्रूडी म्हणाली, मला काय, चारपर्यंत घरी पाठवा. फादर म्हणाले, माझं मत विचारू नका, पाच दिवस सांगेन. उरलीस तू. गेल्या वेळी मी तुला न विचारता हात वर केला. या वेळी तू म्हणशील ते, आणि का तेही लिही, म्हणजे मला उभं राहून सांगता येईल.

कॉफी केलेली आहे. फक्त गरम कर.

लिओ


(त्याच कागदाच्या पाठीमागे, पेन्सिलनं)

लिओ,

कॉफी पांचट होती, फेकून दुसरी केली.

ट्रूडीला मी काल विचारलं, की मला का नाही सांगितलंस. म्हणाली, तुमची भीती वाटायची. आज पहाटेचं दूध मी काढलं, मग येऊन झोपले. ती झोपलीय.

पंधरा नको. वीसच ठेव. घड्याळ काढ असंही मी म्हणणार नाही, पोरीला घरी माणूस हवं. पण वीसच्या खाली एक सेकंद उतरू देऊ नकोस. रोझेनडालवाले का म्हणून विचारतील, तर त्यांना काही सांगू नकोस. तुला सांगते.

चेंडू टाकताना तो कुणाचाही मुलगा वाटतो. थांबलेला असतो, तेव्हा एवल्डचा.

आ.